‘व्हॉट द टेनंट्स वाँट’ याच्या पुढे ‘इज’ लिहावे की ‘आर’?

चाळकरी, गिरगाव

नमस्कार. आमची चाळ पुनर्विकासाला जाण्याच्या बेतात आहे. भाडेकरू संघाच्या वतीने बिल्डरला इंग्रजीतून एक पत्र पाठवायचे ठरले आणि मी फोर्टमधल्या एका कचेरीत बरीच वर्षे पत्रव्यवहाराच्या टेबलावर काढली असल्यामुळे मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले. दोन पानांचा तो मसुदा चिटणीसांकडून परत आला, तेव्हा दोन ठिकाणी ‘इज’ खोडून त्यावर लाल शाईने ‘आर’ लिहिलेले होते, खजिनदारांनी ते ‘आर’ हिरव्या शाईने खोडून पुन्हा ‘इज’ केले होते, आणि तिसऱ्या एका वाक्यासमोर समासात दोघांनीही नुसते प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. मूळ वाक्ये अशी होती.

पहिले: ‘व्हॉट द टेनंट्स वाँट इज थ्री रिटन अंडरटेकिंग्ज.’

दुसरे: ‘दॅट द टँक्स हॅव नॉट बीन क्लीन्ड सिन्स दिवाली इज नोन टू यू.’

तिसरे: ‘व्हिच रूम्स लीक हॅज ऑलरेडी बीन रेकॉर्डेड बाय युवर इंजिनिअर.’

चिटणीसांचे म्हणणे असे की टेनंट्स, अंडरटेकिंग्ज, टँक्स आणि रूम्स हे सगळे शब्द अनेकवचनी असताना क्रियापद एकवचनी ठेवले, तर बिल्डरच्या वकिलासमोर संघाचे हसे होईल. खजिनदारांचे म्हणणे असे की जिथे एक अख्खे उपवाक्य कर्त्याच्या जागी बसते, तिथे क्रियापद नेहमीच एकवचनी असते आणि त्याला अपवाद नाही. मी स्वतः ही वाक्ये कानाला बरी वाटली म्हणून तशी लिहिली होती, त्यामागचा नियम मला सांगता येत नाही. दुसऱ्या वाक्याबद्दल मला खात्री वाटते, तिसऱ्याबद्दल थोडी शंका आहे. पहिल्याबद्दल मात्र मी खजिनदारांची बाजूही छातीठोकपणे घेऊ शकत नाही, कारण इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘व्हॉट वी नीड आर…’ अशी सुरुवात मी अनेकदा वाचलेली आहे. रविवारी सभा आहे. नुसते उत्तर न देता कारण सांगितलेत, तर मला ते सभेत मांडता येईल.


निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले

आपल्या दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तिथे वादाला जागा नाही आणि तिथली गोष्ट नीट समजली की तिसरे वाक्य आपोआप सुटते.

‘द टँक्स’ हा शब्द अनेकवचनी आहे हे चिटणीसांचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु त्या शब्दाचे क्रियापद त्याला आधीच मिळालेले आहे. ते म्हणजे ‘हॅव’. टाक्यांचा व्यवहार उपवाक्याच्या आतच पुरा झाला. आता बाहेरच्या क्रियापदाला विचारावे, की आपल्याला काय ठाऊक आहे? टाक्या ठाऊक आहेत असे आपल्याला म्हणायचे नाही. टाक्या धुतलेल्या नाहीत ही गोष्ट ठाऊक आहे असे म्हणायचे आहे, आणि ती गोष्ट एकच आहे, टाक्या दोन असोत की वीस.

हे शिकण्यासाठी आपल्याला इंग्रजीच्या दारात जाण्याचीसुद्धा गरज नाही. ‘मुली आल्या हे बरे झाले’ या साध्या मराठी वाक्यात मुली अनेक आहेत, त्या स्त्रीलिंगी आहेत आणि ‘आल्या’ हे क्रियापद त्यांच्याप्रमाणे चालले आहे. तरीही पुढे ‘बऱ्या झाल्या’ असे आपण म्हणत नाही. मध्ये ‘हे’ येते, आधीचे संपूर्ण वाक्य आपल्या ओंजळीत घेते आणि पुढच्या क्रियापदासमोर नपुंसकलिंगी एकवचन म्हणून उभे राहते. शाळेच्या व्याकरणात आपण ज्याला मिश्रवाक्य म्हणतो त्यातले नामवाक्य ते हेच. इंग्रजीतही हा ‘हे’ आहे, फक्त उपवाक्य वाक्याच्या आरंभी आले की तो दिसत नाही. उपवाक्य शेवटी ढकलले की तो लगेच डोके वर काढतो: ‘इट इज नोन टू यू दॅट द टँक्स हॅव नॉट बीन क्लीन्ड.’ इथे ‘इट’च्या जागी ‘दे आर’ घालून चिटणीसांनी वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. माझी खात्री आहे की त्यांचेच कान ते नाकारतील.

वर्गात मी हे फळ्यावर दाखवत असे. पूर्ण उपवाक्याभोवती खडूने चौकोन काढायचा, आतली अक्षरे ओल्या फडक्याने पुसून टाकायची आणि रिकाम्या चौकोनात मोठ्या अक्षरात ‘इट’ लिहायचे. अक्षरे पुसली गेली, की त्यांच्याबरोबर तो फसवा अनेकवचनी शब्दही पुसला जातो. मागच्या बाकावरच्या मुलालाही मग ‘आर’ लिहिण्याचा मोह होत नसे. ज्या वाक्यात चौकोन कुठे संपतो हे मुलांना सापडत नसे, त्या वाक्याचा अर्थच त्यांना लागलेला नाही हेही त्यावरून मला कळत असे.

तिसऱ्या वाक्याला हाच उपाय लागू आहे. कोणत्या खोल्या गळतात हे आपल्या इंजिनिअरने नोंदवलेले आहे. म्हणून ‘हॅज’ बरोबर आहे. ‘व्हेदर’, ‘हाउ’, ‘व्हाय’, ‘हू’ यांनी सुरू होणारी उपवाक्येही याच जातीची आहेत. ‘हाउ मेनी मेंबर्स विल कम इज नॉट नोन’ या वाक्यात तर ‘मेनी’ हा शब्दसुद्धा आहे, आणि तरीही ‘इज’च लागते.

पहिल्या वाक्याबद्दल मी घाईने बोलणार नाही. तिथे खजिनदारांचा ‘नेहमीच’ हा शब्द मला जरा जड वाटतो.


मुद्रितशोधक

बाईंच्या चौकोनाला एक पुरवणी जोडतो, कारण ती न जोडल्यास खजिनदार तो चौकोन घेऊन जिथे लावू नये तिथेही लावतील.

आपल्या तिसऱ्या वाक्यात ‘व्हिच’च्या जागी ‘व्हिचएव्हर’ घालून पाहा. ‘व्हिचएव्हर रूम्स लीक आर टू बी रिपेअर्ड फर्स्ट.’ इथे ‘आर’ लागते आणि ‘इज’ चुकते. दोन्ही वाक्यांची सुरुवात जवळजवळ सारखी असताना असे का व्हावे, याचे उत्तर मराठीने फार उघडपणे देऊन ठेवले आहे. ‘कोणत्या खोल्या गळतात हे नोंदवले आहे’ हे पहिले, आणि ‘ज्या खोल्या गळतात त्या आधी दुरुस्त करायच्या आहेत’ हे दुसरे. पहिल्यात प्रश्नाचे उत्तर नोंदवले गेले, खोल्या नव्हे. दुसऱ्यात दुरुस्ती खोल्यांचीच होणार आहे. मराठी क-काराने प्रश्न विचारते आणि ज-काराने वस्तूकडे बोट दाखवते. काय आणि जे, कोण आणि जो, कोणत्या आणि ज्या हे तिने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले आहेत. क-काराच्या उपवाक्यामागे ‘हे’ येते आणि ते एकवचनीच राहते. ज-काराच्या उपवाक्यामागे तो, ती, ते, त्या असे जे काही येईल त्याचे वचन बाहेरच्या क्रियापदाने पाळायचे असते.

सगळी अडचण ‘व्हॉट’ या शब्दाची आहे, कारण इंग्रजीने काय आणि जे ही दोन्ही कामे त्या एकाच शब्दावर टाकली आहेत. ‘व्हॉट ही वाँट्स इज नॉट क्लिअर’ म्हणजे ‘त्याला काय हवे आहे हे स्पष्ट नाही’. ‘व्हॉट ही वाँट्स इज नॉट अव्हेलेबल’ म्हणजे ‘त्याला जे हवे आहे ते उपलब्ध नाही’. पहिले पाच शब्द अक्षर न अक्षर सारखे आहेत. पहिल्या वाक्यात त्याला शंभर वस्तू हव्या असल्या तरी ‘इज’च राहील, दुसऱ्यात मात्र ‘व्हॉट’च्या पोटात अनेक वस्तू असू शकतात. त्या अनेक आहेत हे उपवाक्याच्या आतल्या क्रियापदाने उघड सांगितले, तर बाहेरही अनेकवचनच हवे: ‘व्हॉट अपिअर टू बी क्रॅक्स आर ओन्ली लाइन्स इन द प्लास्टर.’ ज्या भेगा वाटतात त्या गिलाव्यातल्या रेषा आहेत. इथे आतले ‘अपिअर’ आणि बाहेरचे ‘आर’ यांची जोडी आहे, त्यातले एक एकवचनी करून दुसरे तसेच ठेवता येत नाही. तेव्हा उपवाक्य कर्ता असले की नेहमीच एकवचन, हा खजिनदारांचा नियम इथे तुटतो.

आता आपले पहिले वाक्य. ‘व्हॉट द टेनंट्स वाँट’ या उपवाक्यात ‘वाँट’ हे क्रियापद टेनंट्सचे आहे, त्यामुळे ‘व्हॉट’ एक की अनेक हे ते सांगत नाही. पुढे ‘थ्री रिटन अंडरटेकिंग्ज’ असे अनेकवचनी पूरक, म्हणजे ‘इज’नंतर येऊन कर्ता काय आहे ते सांगणारे शब्द, येते आणि लिहिणाऱ्याचा हात तिकडे ओढला जातो. छापील इंग्रजीत इथे ‘इज’ही आढळते आणि ‘आर’ही आढळते, म्हणून वर्तमानपत्रात आपण जे वाचले ते चूक नव्हते. औपचारिक पत्रात मी ‘इज’ ठेवीन. इंग्रजी कोशकार हेन्री फाउलर यांनी 1926 साली प्रसिद्ध झालेल्या, शब्द कसे वापरावेत हे सांगणाऱ्या आपल्या कोशात या एका शब्दावर स्वतंत्र नोंद लिहिली आहे आणि ‘व्हॉट’ला एकदा एकवचनी धरून सुरुवात केल्यावर पुढच्या अनेकवचनी नामाच्या ओढीने क्रियापद बदलण्याबद्दल लेखकांना फटकारले आहे. ‘व्हॉट वरीज अस इज द क्रॅक्स’ या वाक्यात तर ‘वरीज’ने एकवचन आधीच पत्करले आहे, तिथे ‘आर’ लिहिणे म्हणजे एकाच वाक्यात दोनदा मत बदलणे होय.

हाताची ही ओढ मराठी माणसाला अधिक जाणवते असे माझे मुद्रिते तपासतानाचे निरीक्षण आहे, आणि त्याचे कारणही मला मराठीतच दिसते. ‘भाडेकरूंना हवी आहेत ती तीन हमीपत्रे’ असे आपण सहज लिहितो, आणि तिथे ‘हवी आहेत’ हे हमीपत्रांकडे पाहून चालते. ‘त्याने पुस्तके वाचली’ या कर्मणी प्रयोगात तर क्रियापद कर्त्याला बाजूला ठेवून उघडपणे कर्माशी जुळते. क्रियापदाने कर्त्याला सोडून दुसऱ्या कुणाशी सोयरीक करावी यात आपल्या कानाला काहीच वावगे वाटत नाही. इंग्रजीत ती मुभा नाही. आपल्याला ‘आर’च हवे असेल, तर वाक्य उलटे करावे: ‘थ्री रिटन अंडरटेकिंग्ज आर व्हॉट द टेनंट्स वाँट.’ आता कर्त्याच्या जागी अंडरटेकिंग्ज येऊन बसल्या आणि भांडण मिटले.


परीक्षार्थी

मी बँकेच्या परीक्षांची तयारी करत आहे आणि चूक ओळखण्याच्या प्रश्नांत अशाच वाक्यांवर माझे गुण जातात. आम्हाला क्लासमध्ये असे सांगितले होते, की ‘इंग’ने संपणारा शब्द सुरुवातीला आला की क्रियापद डोळे मिटून एकवचनी करावे. ‘कलेक्टिंग सिग्नेचर्स टेक्स टाइम’ हे त्या नियमाने बरोबर येते. पण सराव परीक्षेत ‘मूव्हिंग क्रेन्स आर डेंजरस’ हे वाक्य मी चूक ठरवले आणि उत्तरपत्रिकेत ते बरोबर दिले होते. हा अपवाद समजावा का?


निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले

अपवाद नाही, डोळे मिटण्याचा परिणाम आहे. ‘क्रेन हलवणे धोक्याचे आहे’ आणि ‘हलत्या क्रेन धोकादायक आहेत’ ही दोन मराठी वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात धोका हलवण्याच्या कामात आहे. ‘हलवणे’ हे आपल्याकडेही नपुंसकलिंगी एकवचनच आहे, म्हणून इंग्रजीत ‘मूव्हिंग क्रेन्स इज डेंजरस’. दुसऱ्यात ‘मूव्हिंग’ हे क्रेनचे विशेषण आहे, कर्ता क्रेन आहेत, म्हणून ‘आर’. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पहिले क्रेन चालवणाऱ्याने ऐकावे, दुसरे तिच्याखालून जाणाऱ्याने. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1965 साली उडत्या विमानांचे जे वाक्य उदाहरण म्हणून घेतले, ‘फ्लाइंग प्लेन्स कॅन बी डेंजरस’, त्यातली सगळी गंमत ‘कॅन’मुळे आहे, कारण ‘कॅन’ला वचन नाही आणि म्हणून दोन्ही अर्थ एकाच वाक्यात नांदू शकतात. ‘कॅन बी’ काढून ‘इज’ किंवा ‘आर’ घातले की एका अर्थाला बाहेर जावे लागते.

आपल्या परीक्षेत ‘विल’, ‘शुड’, ‘मस्ट’ आलेले वाक्य असेल, तर या दोषासाठी तिथे वेळ घालवू नये. त्या क्रियापदांवर वचनाची खूणच उमटत नाही. ‘टू’ने सुरू होणारा कर्ताही ‘हलवणे’च्याच जातीचा आहे: ‘टू शिफ्ट द ओल्ड पीपल ट्वाइस इज नॉट पॉसिबल.’


मसुदेकार

वर लिहिलेले सर्व मला मान्य आहे, पण चाळकरी यांना माझा सल्ला वेगळा आहे. हे पत्र बिल्डरच्या वकिलाच्या टेबलावर जाणार आहे आणि उद्या वाद झाला तर ते पुराव्यात दाखल होणार आहे. अशा पत्रात मागणी उपवाक्यात गुंडाळू नये. ‘द टेनंट्स वाँट थ्री रिटन अंडरटेकिंग्ज’ असे सरळ लिहावे आणि खाली त्या तीन अंडरटेकिंग्ज क्रमांक घालून द्याव्यात. ‘इज’ही नको आणि ‘आर’ही नको.

दुसऱ्या वाक्याबाबत एक धोका कुणी सांगितला नाही. आपण त्यात जिन्याची तक्रारही जोडणार असाल, तर ‘दॅट द स्टेअरकेस इज ऑन प्रॉप्स अँड दॅट द टँक्स आर डर्टी’ अशी दोन उपवाक्ये ‘अँड’ने जुळतील आणि पुढे काय लिहावे असा प्रश्न पुन्हा उभा राहील. दोन्ही मिळून एकच परिस्थिती सांगायची असेल, तर ‘इज नोन टू यू’ हे चालते आणि सामान्यतः तेच लिहिले जाते. पूरकच मोजणी करत असेल, तर मात्र अनेकवचन टळत नाही: ‘व्हॉट यू प्रॉमिस्ड अँड व्हॉट यू हॅव गिव्हन आर टू डिफरंट थिंग्ज.’ दिलेला शब्द आणि प्रत्यक्ष दिलेली वस्तू या दोन गोष्टी आहेत असे ज्या वाक्याला म्हणायचे आहे, त्याने ‘इज’ लिहून त्या पुन्हा एक करणे विचित्र दिसेल.


मुद्रितशोधक

मसुदेकारांच्या व्यवहारज्ञानाबद्दल आदर राखून सांगतो, की ‘द टेनंट्स वाँट’ या सरळ वाक्याने एक गोष्ट हातची जाते. ‘व्हॉट द टेनंट्स वाँट इज…’ असे म्हटल्यावर भाडेकरूंना हेच हवे आहे, अन्य काही नको, असा ठसका वाक्याला येतो. बिल्डरने आजवर चाळीला भलतेच काहीतरी देऊ केले असेल, तर तो ठसका ठेवण्यासारखा आहे. चूक होण्याच्या भीतीने वाक्यच टाकून देणे मला पटत नाही.


चाळकरी, गिरगाव

सर्वांचे आभार. सभा काल झाली. बाईंचा चौकोन मी पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने काढून दाखवला आणि फळा नसल्यामुळे खोडरबर वापरले. ‘मुली आल्या हे बरे झाले’ हे वाक्य ऐकल्यावर चिटणीसांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यावरचा आपला आक्षेप मागे घेतला. ‘व्हिचएव्हर’ने खजिनदारांचा ‘नेहमीच’ गेला, आणि त्यांनी तो फारशी कुरकुर न करता जाऊ दिला. पहिल्या वाक्यात ‘इज’ ठेवले आहे. बिल्डरने आम्हाला गेल्या वर्षी लेखी हमीऐवजी रंगीत माहितीपत्रके वाटली होती, तेव्हा तो ठसका आम्हाला हवाच होता. मसुदेकारांच्या सांगण्याप्रमाणे खाली तिन्ही मागण्या क्रमांक घालून दिल्या आहेत. जिन्याचे वाक्य वेगळे केले, त्यामुळे ‘अँड’चा प्रश्न आला नाही.

एक कबुली द्यायची राहिली. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी चिटणीसांनी ते शेवटचे वाचायला मागितले आणि दुसऱ्या पानावरच्या माझ्या एका वाक्यावर त्यांचे बोट थांबले: ‘व्हॉटएव्हर डॉक्युमेंट्स आर नीडेड इज टू बी गिव्हन टू अस इन मराठी ऑल्सो.’ ते वाक्य आम्हा तिघांच्याही नजरेतून सुटले होते आणि उपवाक्य कर्ता आहे एवढे पाहून मी ‘इज’ लिहिले होते. ‘जी कागदपत्रे लागतील ती,’ ते म्हणाले, ‘ती म्हणजे अनेक, आणि इथे क-कार नाही.’ त्यांनी लाल पेन माझ्यापुढे केले आणि त्या ‘इज’चे ‘आर’ मी स्वतः केले. ते पान पुन्हा छापून घेऊन पत्र आज सकाळी गेले.